तीन कायदे, नव्वद प्रश्न आणि पन्नास हजार रुपये

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात तुमच्या फोनवर किती अनोळखी कॉल आले होते, आठवतंय? 'ॲडमिशनचं झालं का?' असं गोड आवाजात विचारणाऱ्या त्या व्यक्तीला तुमचं नाव माहीत होतं, टक्के माहीत होते, कधीकधी बाबांचा नंबरही माहीत होता. तो तिला दिला कोणी? तुम्ही तर तो एका क्लासच्या टेस्ट सीरिजसाठी दिला होता, एका करिअर फेअरच्या स्टॉलवर दिला होता, कुठल्याशा स्कॉलरशिपच्या फॉर्ममध्ये भरला होता. त्यातलं नेमकं कोण फुटलं, ते कधीच कळत नाही. आपण नंबर ब्लॉक करतो आणि विसरून जातो.

पण 'हे तपासणं' हेच आता काही लोकांचं काम आहे. कंपनीने कोणाकडून कुठली माहिती घेतली, कशासाठी घेतली, किती दिवस ठेवली, पुढे कोणाला दिली आणि ती चोरीला गेली तर कोणाला कळवलं, हे बघणारी माणसं मोठ्या बँकांत, आयटी कंपन्यांत, लॉ फर्म्समध्ये बसलेली असतात. त्यांना प्रायव्हसी प्रोफेशनल म्हणतात. या क्षेत्रात शिरायला लोक जी सर्टिफिकेशन्स करतात, त्यातलं एक खास आशियातल्या कायद्यांवर आहे. नाव सीआयपीपी/ए, म्हणजे सर्टिफाइड इन्फर्मेशन प्रायव्हसी प्रोफेशनल, आशिया.

लॉ कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याचे मेसेज फिरत असतात. 'करू का गं?' असं मला दोघीतिघींनी विचारलं, म्हणून हा लेख. माझं उत्तर आधीच सांगते: अभ्यास जरूर करा, अगदी आजपासून. फी मात्र आज भरू नका. का, ते पुढे.

परीक्षा आहे तरी काय?

इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ प्रायव्हसी प्रोफेशनल्स, थोडक्यात आयएपीपी, ही अमेरिकेतली संस्था ती घेते. अडीच तास, ९० बहुपर्यायी प्रश्न. त्यातल्या ७५ प्रश्नांचेच मार्क धरतात, उरलेले १५ संस्था पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघत असते. ते १५ कोणते, हे तुम्हाला कळत नाही. स्कोअर १०० ते ५०० या पट्टीवर येतो आणि पास व्हायला ३०० लागतात. इथे ३०० म्हणजे साठ टक्के असा हिशेब करू नका, ही पट्टी वेगळी असते. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

पदवीची अट नाही. एलएलबी हवं असं नाही, इंजिनिअर हवं असं नाही. बीकॉमवाला देऊ शकतो, मास कॉमवाली देऊ शकते. म्हणूनच तर मी यात डोकावले.

'आशिया' या शब्दाने घाबरू नका. जपान, कोरिया, चीन सगळं पाठ करायचं नाहीये. सुरुवातीला पायाभूत भाग असतो: प्रायव्हसी ही कल्पना कुठून आली, ओईसीडी या संघटनेने १९८० साली घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं, अपेक गटाची चौकट वगैरे. मग तीन कायदे: सिंगापूर, हाँगकाँग आणि भारत. शेवटी या तिघांत सारखं काय आणि वेगळं काय. सगळी गंमत आणि सगळी गोची या शेवटच्या भागात आहे.

एकच ॲप, तीन उत्तरं

समजा, एक शॉपिंग ॲप आहे. सतरा वर्षांची एक मुलगी त्यावर अकाउंट उघडते. तिची स्वतःची संमती चालेल का?

भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ म्हणतो, नाही. आपल्याकडे अठरा पूर्ण होईपर्यंत तुम्ही 'मूल'. पालकांची संमती हवी आणि ती खरंच पालकांचीच आहे, हे ॲपने पडताळून पाहायला हवं. म्हणजे अकरावीत कॉलेजला जाणाऱ्या, लोकलने एकटी फिरणाऱ्या मुलीलाही आईबाबांना विचारायला लावणारा हा कायदा आहे. सिंगापूरच्या कायद्यात असं वय लिहिलेलंच नाही. तिथल्या आयोगाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की साधारण तेरा वर्षांपुढच्या मुलाला आपण कशाला हो म्हणतोय ते समजतं असं धरावं, अट एवढीच की त्याला ते खरंच समजलेलं हवं. आणि हाँगकाँग? तिथे माहिती घेताना 'संमती होती का' हा पहिला प्रश्नच नसतो. माहिती कामापुरतीच घेतली का, सरळ मार्गाने घेतली का, कशासाठी घेतोय ते सांगितलं का, हे तिथे विचारतात. संमतीचा मुद्दा येतो तो नंतर, घेतलेली माहिती भलत्याच कामाला वापरायची असेल तेव्हा.

आता दुसरी परिस्थिती. त्याच ॲपच्या सर्व्हरवरून ३०० लोकांची नावं आणि मोबाइल नंबर बाहेर गेले. कळवायचं का?

सिंगापूरमध्ये दोन कसोट्या आहेत. ५०० किंवा जास्त लोकांची माहिती गेली, किंवा त्यातून मोठं नुकसान होण्यासारखं आहे, तर आयोगाला तीन दिवसांत कळवायचं. इथे लोक ३००च आहेत आणि नुसतं नाव-नंबर ही तिथल्या नियमांप्रमाणे मोठ्या नुकसानीची माहिती नाही, त्यामुळे बहुधा सक्ती नाही. हाँगकाँगमध्ये आयुक्तांना कळवण्याची कायदेशीर सक्तीच नाही, कळवलेलं बरं असा सल्ला आहे. भारताच्या कायद्यात मात्र आकड्याची मर्यादाच ठेवलेली नाही. तीनशे असोत की तीन, डेटा संरक्षण मंडळालाही सांगायचं आणि ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकालाही.

हे वाचून तुम्हाला वाटेल, वा, आपला कायदा सगळ्यांत कडक! थांबा. सरकारी खात्यांना कायदा लागू आहे का, हा तिसरा प्रश्न विचारून बघा. हाँगकाँगचा कायदा सरकारलाही लागू होतो. सिंगापूरचा सरकारी यंत्रणांना लागूच होत नाही, त्यांचे नियम वेगळे. आपल्याकडे तो सरकारला लागू आहे, पण केंद्र सरकार सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी एखाद्या यंत्रणेला अधिसूचना काढून त्यातून बाहेर ठेवू शकतं. तेव्हा कडक कोण, याचं उत्तर कुठल्या कलमाकडे बघताय त्यावर ठरतं.

परीक्षेतले प्रश्न असेच असतात. कलम नंबर कमी विचारतात, 'अशी परिस्थिती आहे, आता काय?' हे जास्त. त्यामुळे एक देश संपवून दुसरा घ्यायचा, ही आपली युनिटवाइज पद्धत इथे दगा देते. तिसऱ्या आठवड्यात हाँगकाँग वाचताना सिंगापूरचे नियम त्यात मिसळायला लागतात. पुण्यात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी एक मैत्रीण ही परीक्षा देतेय. तिने भिंतीवर कार्डशीट लावून तीन रकाने आखलेत: वय, संमती, चोरी, परदेशी पाठवणी, दंड, सरकार. रोज एक ओळ तिन्ही रकान्यांत भरायची. तिचं म्हणणं, भरलेल्या रकान्यांपेक्षा रिकामे रकाने जास्त शिकवतात. हाँगकाँगच्या कायद्यात परदेशी डेटा पाठवण्याबद्दलचं कलम ३३ आहे, पण ते आजवर अमलातच आलेलं नाही. अशा ठिकाणी गडी हमखास चुकतो.

गोष्टी लक्षात ठेवा, कलमं आपोआप राहतील

हाँगकाँगचा कायदा १९९५चा, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माच्या आधीचा. त्यात सहा तत्त्वं आहेत. ती पाठ करायचा कंटाळा येत असेल तर ऑक्टोपस कार्डाची गोष्ट वाचा. ऑक्टोपस म्हणजे तिथलं मेट्रो, बस, दुकान सगळीकडे चालणारं कार्ड. २०१० मध्ये उघड झालं की कंपनीने रिवॉर्ड योजनेतल्या जवळजवळ वीस लाख ग्राहकांची माहिती व्यापारी भागीदारांना देऊन साधारण ४ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलर कमावले होते. लोक खवळले, कंपनीच्या प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. २०१२ मध्ये कायदा बदलला. आता तिथे जाहिरातबाजीसाठी ग्राहकाला न विचारता त्याची माहिती विकली, तर दहा लाख हाँगकाँग डॉलर दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही एक गोष्ट डोक्यात बसली की माहिती कशी गोळा करावी आणि कशी वापरावी, ही दोन तत्त्वं कायमची बसतात.

सिंगापूरसाठी सिंगहेल्थ. २०१८ मध्ये या आरोग्यसेवा समूहातून १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली. त्यात तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांना दिलेल्या औषधांची नोंदसुद्धा होती. पुढच्या जानेवारीत आयोगाने यंत्रणा सांभाळणाऱ्या आयटी कंपनीला साडेसात लाख आणि सिंगहेल्थला अडीच लाख सिंगापूर डॉलरचा दंड केला. काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी देता येत नाही, हे इथे दिसतं.

आणि भारतासाठी? आपल्याकडची गोष्ट सगळ्यांत भारी आहे. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. ऐंशी उलटल्यावर, २०१२ मध्ये, ते आधारविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारी बाजूने सांगितलं गेलं की राज्यघटनेत खासगीपणाचा मूलभूत अधिकार आहे कुठे? त्यासाठी १९५४ आणि १९६२ चे जुने निकाल पुढे केले गेले. मग नऊ न्यायमूर्ती बसले आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊच्या नऊ जणांनी सांगितलं, आहे.

त्या निकालात एक बाजूची गोष्ट आहे, ती आपल्याकडची. आणीबाणीत, १९७६ मध्ये, अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही असा निकाल बहुमताने लागला होता. एडीएम जबलपूर खटला तो. त्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते, पुण्यात जन्मलेले, आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी. २०१७ च्या निकालपत्रात तो निकाल चुकीचा होता असं लिहून तो बाजूला सारणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, त्यांचा मुलगा. कायद्याचा अभ्यास रटाळ असतो म्हणणाऱ्यांनी हे निकालपत्र निदान चाळावं. ५४७ पानं आहेत, सगळी वाचायची गरज नाही.

इथे मी अडले

मी पत्रकारिता शिकते, त्यामुळे तीन रकान्यांत एक ओळ माझी स्वतःची घातली: बातमीदार. सिंगापूरच्या कायद्यात वृत्तसंस्थांना बातमीच्या कामासाठी संमतीशिवाय माहिती गोळा करायची मुभा आहे. हाँगकाँगच्या कायद्यात कलम ६१ मध्ये बातमीच्या कामाला सवलत आहे. भारताच्या रकान्यात काय लिहायचं? आपल्याकडच्या २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत पत्रकारितेसाठी सूट होती. २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्यात ती नाही.

शिवाय याच कायद्याच्या कलम ४४ ने माहितीच्या अधिकारात बदल केलाय. आधी माहिती 'वैयक्तिक' असली तरी व्यापक जनहित असेल तर ती देता येते, असं कलम ८(१)(जे) मध्येच लिहिलेलं होतं. आता तिथे फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलंय. जनहितासाठी माहिती देण्याची दुसरी तरतूद कायद्यात आहे, असं सरकारचं म्हणणं. आरटीआय कार्यकर्ते आणि पत्रकार म्हणतात की 'वैयक्तिक आहे' एवढं म्हणून फाइल बंद करणं आता सोपं होईल. मला दुसरी बाजू जास्त पटते. तुमच्या गावच्या रस्त्याचं कंत्राट कोणाला मिळालं, शिष्यवृत्तीच्या यादीत कोणाची नावं आहेत, या प्रश्नांची उत्तरं शेवटी कोणाच्या तरी नावाशीच येऊन थांबतात.

परीक्षेत तुमचं मत विचारत नाहीत, हे लक्षात असू द्या. पर्यायांत योग्य तोच गोल निवडायचा. पण अभ्यास करताना मत तयार होत नसेल, तर तुम्ही तो कायदा वाचलेलाच नाही.

आता पैशांचं बोलू

परीक्षेची फी ५५० डॉलर. कर आणि बँकेचा कट धरून हे प्रकरण पन्नास हजारांच्या आसपास जातं. नापास झालात तर पुन्हा बसायला ३७५ डॉलर. पास झालात तरी सुटका नाही: सर्टिफिकेट दोन वर्षांचं असतं, ते टिकवायला दर दोन वर्षांनी २० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं आणि सदस्य नसाल तर २५० डॉलर देखभाल फीसुद्धा. हे आकडे बदलतात, तेव्हा भरण्याआधी संस्थेच्या साइटवर एकदा बघा. अधिकृत ट्रेनिंगचा खर्च वेगळा, ते ऐच्छिक आहे.

कॉलेजात असताना घरच्यांकडून एवढे पैसे घेऊन हे करावं का? माझ्या मते, नाही. हा नोकरीचा पास नाही. ज्यांनी दोन वर्षं काम केलंय त्यांच्या सीव्हीवर ते उठून दिसतं, आणि अनेक कंपन्या आपल्या कर्मचाऱ्याची अशी फी भरतात. फ्रेशरला मुलाखतीत विचारतात ते वेगळंच: ही आमच्या ॲपची प्रायव्हसी पॉलिसी, यात काय चुकलंय सांग. ते सांगता यायला पन्नास हजार लागत नाहीत.

कारण अभ्यासाचं बरंचसं साहित्य फुकट आहे. परीक्षेचा अभ्यासक्रम, ज्याला ते बॉडी ऑफ नॉलेज म्हणतात, आणि कुठल्या भागावर किती प्रश्न येतात त्याचा आराखडा संस्थेच्या साइटवर डाउनलोड करता येतो. तिन्ही कायदे सरकारी साइट्सवर आहेत. भारताच्या कायद्यात फक्त ४४ कलमं आहेत, एका रविवारी वाचून होतो. आणि वाचताना एक गोष्ट जाणवेल: यात व्यक्तीसाठी 'ही' ऐवजी 'शी' वापरलंय आणि त्यात सगळे लिंग आले असं स्पष्ट म्हटलंय. सिंगापूर आणि हाँगकाँगच्या आयोगांनी दिलेले निर्णयही वाचायला मिळतात, आणि ते कायद्यापेक्षा कितीतरी रंजक आहेत.

एक सावधगिरी. भारताचा भाग सध्या सरकता आहे. कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियमांनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तोवर आयटी कायद्यातलं कलम ४३-ए आणि त्याखालचे २०११ चे नियम चालू आहेत. त्यामुळे जुनं की नवं, असं न म्हणता दोन्ही वाचा, आणि तुमच्या परीक्षेच्या तारखेला अभ्यासक्रमाची कुठली आवृत्ती लागू आहे ते तपासा. सेकंडहँड नोट्स इथेच घात करतात. 'शंभर टक्के पास' म्हणत फुटलेले प्रश्न विकणाऱ्यांबद्दल काय बोलायचं? परीक्षेला बसताना गोपनीयतेच्या अटी मान्य कराव्या लागतात, आणि गोपनीयतेच्या परीक्षेत चोरीचे प्रश्न वापरायचे, हा विनोद मला तरी झेपत नाही.

डॉलरच्या फीने अंगावर काटा येत असेल तर नॅसकॉमने उभ्या केलेल्या डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडियाचंही डीसीपीपी नावाचं सर्टिफिकेशन आहे. तेही बघून ठेवा.

मराठीवाल्यांनो, इकडे लक्ष द्या

नव्या कायद्यानुसार कंपनीने संमती मागताना दिलेली सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला हवा. अशा २२ भाषा आहेत, त्यात मराठी आहे आणि कोकणीही. म्हणजे मे २०२७ पर्यंत बँका, ॲप्स, हॉस्पिटलं, क्लासेस, सगळ्यांना मराठी सूचना लागणार. त्या कोण लिहिणार? मशीनने केलेल्या भाषांतरात कायद्यातला 'डेटा फिड्युशिअरी' कसा होतो ते एकदा करून बघा, हसू येईल. शब्दाचा गाभा आहे 'विश्वस्त': माहिती तुमची, ती ज्याच्याकडे ठेवलीय तो नुसता सांभाळणारा. हे आजीला कळेल अशा मराठीत, आणि तरी वकिलाला चूक काढता येणार नाही असं लिहायला कायदाही कळावा लागतो आणि भाषाही. बीए मराठी करणाऱ्या आणि 'आमच्यासाठी स्कोप काय' विचारणाऱ्या मित्रमैत्रिणींना हे नक्की सांगा. एखाद्या ॲपची इंग्रजी पॉलिसी घ्या, तिची एक पानी मराठी सूचना लिहा, तीन-चार झाल्या की तोच तुमचा पोर्टफोलिओ.

आणि यानंतरही परीक्षा द्यायचीच ठरली, तर दोन छोट्या गोष्टी. रजिस्ट्रेशनचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. आपल्याकडे मधलं वडिलांचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, ते आधी बघून घ्या. दुसरं, परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर किंवा घरबसल्या देता येते. घरून देणार असाल तर वेबकॅमसमोर ओळखपत्र धरावं लागतं आणि आपल्या खोलीचे चारही बाजूंचे फोटो पाठवावे लागतात. ते फोटो कोण बघतं, किती दिवस ठेवतं, हे त्यांच्या सूचनेत लिहिलेलं असतं. बेडवरचे कपडे आवरायच्या आधी ती सूचना वाचून घ्या.